फोटोत ठकीच का असते

"तुमच्या फोटोत तुम्ही कधीच नसता. दर वेळी ती लाकडी बाहुलीच का?" जर्मनीतल्या उल्म शहरात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता एकदा बसून लिहितेच. तुम्ही विचारलंत म्हणून.

ती ठकी आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली, वीतभर उंचीची. हिरवं लुगडं, लाल चोळी, सगळं रंगवलेलं. हात अंगाला चिकटलेले, डोळे मात्र टक्क उघडे. ती माझी नाही, माझ्या आत्याची आहे. आत्याला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. तिचं जग म्हणजे घर, मागचं परसू, आणि कुणी रिक्षाने नेलंच तर मोती तलावाचा काठ. मी जर्मनीला निघाले तेव्हा तिने ठकी माझ्या हातात ठेवली नि म्हणाली, "हिका घेऊन जा. ही बघतली नि माका सांगतली."

म्हणून मी जिथे जाते तिथे ठकी येते, आणि फोटोत तीच असते. माझा चेहरा आत्याला पाठ आहे. तिला हवं असतं ते माझ्या चेहऱ्यामागे झाकलं जाणारं सगळं.

त्यातलं एकच गाव सविस्तर सांगते. उल्महून आगगाडीने साधारण अर्ध्या तासावर, ब्रेन्त्स नदीच्या काठी गिंगेन नावाचं छोटं गाव आहे. वस्ती वीसेक हजार. जर्मनीत फिरायला येणाऱ्यांच्या यादीत ते सहसा नसतं. तिथे मी ठकीला मुद्दाम नेलं, कारण जगभरची मुलं ज्या कापडी अस्वलांना कुशीत घेऊन झोपतात, त्यांचं एक मूळ या गावात आहे. आणि ते मूळ रुजवणारी बाई पायांनी अधू होती.

मार्गारेटे श्टाइफ. जन्म १८४७चा, याच गावातला. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पाय गेले आणि उजव्या हातातही जोर राहिला नाही. शाळेत जाताना भावंडं तिला हातगाडीत बसवून ओढत न्यायची. पुढे ती शिवण शिकली, झिथर नावाचं तंतुवाद्य शिकली, इतर मुलांना ते शिकवून चार पैसे गाठीला बांधले आणि शिवणयंत्र घेतलं. १८७७ साली तिने फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या कपड्यांचं दुकान काढलं. १८८० साली एका मासिकातला नमुना बघून त्याच फेल्टचा एक हत्ती शिवला. तो खेळण्यासाठी नव्हताच, सुया टोचून ठेवायला होता. पण बायकांनी सुयांसाठी नेलेला हत्ती घरोघरी मुलांनी पळवला. तिथल्या श्वाबियन बोलीत कुठल्याही नावाला शेवटी 'ले' लावून लाड करतात, तसा तो 'एलेफेंट्ले' झाला. आपण हत्तुला म्हणू तसंच.

गिंगेनच्या श्टाइफ संग्रहालयात (ते २००५ साली उघडलं) मी ठकीला आधी हत्तीकडेच नेलं. काचेला नाक लागेल इतकी जवळ धरली आणि तिच्या खांद्यावरून फोटो घेतला. आत्यासाठी फोटो काढायचा म्हणजे असाच काढावा लागतो. ठकीला लांब उभी करून मागे अख्खी इमारत घेतली, तर आत्या म्हणते, "ता कॅलेंडरवर पण बघूक मिळता." तिला शिवण दिसली पाहिजे. टाके आतून घातलेत की वरून, पोटाशी शेवटचं तोंड कुठे बंद केलंय, कान वेगळा कापून लावलाय की अंगातूनच काढलाय. आत्या चाळीस वर्षं अर्ध्या आळीचे ब्लाउज शिवत आली आहे, हातमशीनवर.

अस्वलाची गोष्ट नंतरची. मार्गारेटेचा पुतण्या रिशार्ड याने १९०२ साली हातपाय हलवता येतील असं अस्वल आखलं, अंगावर मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीची लव असलेलं. १९०३च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तशी ३,००० अस्वलं मागवली. तिकडे अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला होता, त्यावरून व्यंगचित्र निघालं होतं, आणि खेळण्यातल्या अस्वलाला त्यांचं लाडकं नाव 'टेडी' चिकटलं. १९०७ या एका वर्षात गिंगेनहून ९,७४,००० अस्वलं बाहेर पडली. नकला होऊ लागल्या म्हणून १९०४पासून प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचं बटण ठोकायला सुरुवात झाली होती. ते आजही ठोकतात.

संग्रहालयात एक बाई कामाला बसलेली दिसते. अस्वलाचं कातडं, म्हणजे अजून न भरलेलं लवदार कापड, तिच्या मांडीवर उलटं पडलेलं होतं. ते तिने सुलटं केलं, काडीने कोपरे बाहेर काढले, भरलं, दाबलं, पुन्हा भरलं. मग नाक. काळ्या दोऱ्याचा एकेक उभा टाका, एकाला एक चिकटून. तिसऱ्या-चौथ्या टाक्याला त्या कापडाला चेहरा आला. ठकी माझ्या हातात होती. त्या बाईने वर बघितलं, ठकीच्या कपाळावरचं कुंकू बोटाने दाखवून म्हणाली, "हे हाताने रंगवलंय ना?" मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा सुईत डोळे घातले. हाताने काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हाताचं काम एका नजरेत ओळखू येतं. मला त्या क्षणी आत्या तिथे हवी होती.

गाव तसं तासाभरात पायी होतं. १६३४ साली, तीस वर्षांच्या युद्धातल्या नॉर्डलिंगनच्या लढाईनंतर ते जवळजवळ सगळं जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. चर्चपाशी थांबलो, नदीच्या पुलावर ठकीला कठड्याला टेकवून पाणी दाखवलं. गावाच्या वेशीतल्या ह्युर्बेनची गुहा मात्र वगळून चालणार नव्हतं. तिचं तोंड पूर्वी 'कुत्र्याचं भोक' म्हणून ओळखलं जायचं, लोक मेलेली जनावरं त्यात टाकत. १८९३ साली माणसं आत उतरली तेव्हा केवढी गुहा आहे ते कळलं, आणि व्युर्टेंबर्गच्या राणीच्या नावावरून ती शार्लोट गुहा झाली. ५८७ मीटर लांब. आत गुहेतल्या अस्वलांची हाडं सापडली आहेत, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जातीची. कापडी अस्वलांच्या गावाच्या पोटात खरी अस्वलं! भर उन्हाळ्यातही आत पौषातल्या पहाटेसारखा गारठा. छतावरून एक थेंब नेमका ठकीच्या डोक्यावर पडला आणि कुंकवावरून ओघळला. रंग हलला नाही. मी पदराने, म्हणजे ओढणीने, तिला पुसलं. हे मी पूर्णपणे मनापासून केलं, हेही सांगून टाकते, कारण "एवढ्या मोठ्या बाईने बाहुलीशी असं वागायचं?" हाही प्रश्न मला येतो. ती बाहुली कुणाच्या तरी जागी आलेली आहे. तिला थंडी वाजली की मला कळतं.

रात्री आत्याला फोन केला. फोटो तिने आधीच बघून ठेवले होते. अस्वलांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पहिला प्रश्न मार्गारेटेबद्दल, "तिचा मशीन हाताचा की पायाचा गो?"

मी म्हटलं, हाताचं, बाजूचं चाक फिरवायचं.

"चाक उजव्या बाजूक असता."

मी म्हटलं, हो.

"नि तिचो उजवो हातच कमजोर." मग फोनवर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "तर मग ती मशीन फिरवन बसली असतली. उलट्या बाजून. डाव्या हातान चाक मारूक."

मी हे तिला सांगितलं नव्हतं. मार्गारेटेच्या चरित्रात ते तसंच आहे. तिने यंत्र उलटं फिरवून घेतलं आणि डाव्या हाताने चाक चालवलं. मी ते संग्रहालयातून घरी आल्यावर वाचलं होतं आणि आत्याला सगळ्यात शेवटी, गोष्टीतली गंमत म्हणून सांगायचं ठरवलं होतं. आत्याने ते सावंतवाडीत खाटेवर बसून, फोनवर बोलता बोलता ओळखलं. मी तिथे संग्रहालयात पाऊण तास उभी होते आणि माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी फोटो आणखी जवळून काढते. आणि आत्याच्या फर्माइशी वाढल्या आहेत. परवा तिने उल्मच्या चर्चचा मनोरा कुठेतरी बघितला, १६१ मीटर उंचीचा. म्हणाली, ठकीला वर ने. नुसती खिडकीशी धरू नको, पायऱ्या मोज, आणि अर्ध्यात दम लागला तर कितव्या पायरीवर लागला ते सांग.

पायऱ्या ७६८ आहेत. थंडी सरली की चढणार आहोत.