धीर कुणाला, आधार कुणाला

रविवार, रात्री

आजचं वाचन नव्या करारातलं प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय 5. अकराव्या वचनातलं 'एकमेकांना धीर द्या' सगळ्यांना पाठ असतं. चौदाव्यापाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. तिथे पौल सरळ वर्गवारी करतो: अव्यवस्थित वागणाऱ्यांची कानउघाडणी करा, अल्पधीर माणसांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सहनशीलता सगळ्यांशीच ठेवा. आपली गडबड होते ती इथेच. नोकरी गेलेल्या, भाडं थकलेल्या माणसाला आपण स्तोत्र ऐकवतो. त्याला हवा असतो आधार, म्हणजे महिन्याचं भाडं किंवा ओळखीच्या ठिकाणी टाकलेला एक शब्द. उलट नुसत्या भीतीनं खचलेल्याला आपण कामाला लागायचा उपदेश करतो. आधी समोरचा कोणत्या रांगेत आहे ते ओळखावं, मग तोंड उघडावं.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (1 राजे 19) या बाबतीत फार नेमकी आहे. तो झुडपाखाली मरण मागत पडलाय. देवदूत त्याला उठवून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो, आणि त्याला झोपू दिलं जातं. दुसऱ्यांदाही तेच, फक्त वाट लांबची आहे एवढं जोडलेलं. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न होरेब डोंगरावर येतो, चाळीस दिवसांच्या चालीनंतर. 'मी एकटाच उरलोय' ही तक्रार तो दोनदा करतो. त्यावर त्याला मिळतं ते काम, अलीशासारखा सोबती आणि एक आकडा: बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेली 7,000 माणसं. कुठेही 'तुझा विश्वास कमी पडला' असं म्हटलेलं नाही. थकलेल्या माणसाकडे जाताना आधी डबा न्यावा, हे इतकं साधं आहे.

गृहभेट आणि इस्पितळातली भेट यांबद्दल थोडं. पेशंटजवळ उभं राहून बोलू नये, खुर्ची ओढून बसावं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मोठ्यानं प्रार्थना करू का, हे आधी विचारावं. बाजूच्या खाटेवरही माणूस असतो. वाचायचं तर स्तोत्र 121, आठच वचनं आहेत. बरं होण्याची हमी देऊ नये, ती आपल्या हातात नाही. शोक असलेल्या घरी 'देवाची इच्छा' हे शब्द पहिल्या दिवशी खरे असले तरी टोचतात, आणि 'आमच्याकडेही असंच झालं होतं' म्हणताच संभाषण आपल्याकडे वळतं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग ते बोलायला लागले. 'काही लागलं तर सांगा' हेही टाळावं. खचलेला माणूस सांगत नाही. 'मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणते' असं म्हणावं आणि आणावं.

कौतुकाचंही तसंच आहे. 'छान झालं हं' हे उपासनेनंतर दारातच विरून जातं. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल माणसागणिक काय केलं ते सांगतो: फिबीनं पुष्कळांना साहाय्य केलं, प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, पर्सिसनं प्रभूमध्ये खूप श्रम केले. चिठ्ठी लिहायची तर तीन वाक्यं पुरतात. काय पाहिलं, त्यानं कुणाला काय झालं, आणि आभार. त्याच आठवड्यात द्यावी. 'पण' घातला की माणूस फक्त 'पण'च्या पुढचं ऐकतो; सुधारणा सुचवायची असेल तर वेगळ्या दिवशी, एकट्याला गाठून. आणि 'तू इतकं सुंदर गातेस, तर पुढच्या महिन्यापासून गायनमंडळ तूच बघ' हे उत्तेजन नव्हे, ही भरती झाली! रविवारच्या शाळेतल्या कितीतरी शिक्षिका अशाच पकडल्या जातात.

पहिल्या मंडळीतल्या बर्णबाचं देणं मात्र यापेक्षा महाग होतं. यरुशलेमेत शिष्य शौलाला (म्हणजे पौलालाच, त्यानं आधी त्यांचा छळ केला होता) घाबरत होते, तेव्हा त्यानं शौलाची पाठ थोपटली नाही, त्याला प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीनं तीन गोष्टी सांगितल्या (प्रेषितांची कृत्ये 9:27). वाटेत यानं प्रभूला पाहिलं, प्रभू याच्याशी बोलला, आणि दिमिष्क शहरात हा निर्भयपणे बोलला. म्हणजे तो जामीन राहिला, आणि जामीन फसला तर नाव जातं. पुढे अंत्युखिया शहरात काम वाढल्यावर तो स्वतः तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. त्या दोघांचा सोबती मार्क पंफुल्य प्रांतातून प्रवास अर्ध्यावर टाकून परतला होता, तरी त्यालाही बर्णबानं दुसऱ्यांदा सोबत घेतलं, पौलाशी कडाक्याचं भांडण होऊनसुद्धा. नुसता उपदेश करून बाजूला न होता तो मार्काला कुप्र बेटावर बरोबर घेऊन गेला. नंतर पौलच आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मंडळीपासून दुरावलेल्याला परत आणायचं तर हीच रीत: 'रविवारी दिसला नाहीस' असा जाब विचारायचा नाही, आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी घरी जायचं, पुढे एखादं छोटं काम द्यायचं आणि त्यात स्वतः बरोबर राहायचं. पहिल्याच महिन्यात खजिनदार करू नये.

बर्णबाची दुसरी बाजूही पवित्र शास्त्रात लपवलेली नाही. अंत्युखियात प्रेषित पेत्र यहुदी नसलेल्या विदेशी बांधवांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा बाकीच्यांबरोबर बर्णबाही वाहवत गेला (गलतीकरांस पत्र 2:13). मला हे मुळीच नवल वाटत नाही. सगळ्यांना धरून ठेवणाऱ्याला कुणालाच दुखवणं जड जातं, आणि मग तो चुकीच्या बाजूलाही मान डोलावतो. तिथे चौदाव्या वचनातलं पहिलं काम लागतं, कानउघाडणी. ती पौलानं केली, सर्वांसमक्ष, आणि थेट पेत्राचीच.