खरवस आणि माझं आतडं

रविवारी वाईहून काकू आल्या त्या स्टीलची बरणी घेऊनच. शुक्रवारी गाय व्याली होती. "पहिला चीक वासराला पाजला हो, हा कालचा," असं दारातच सांगून टाकलं.

मला नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठं आतडं सुजण्याचा जुनाट आजार आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. बरणी बघताच धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, हे तर औषधच! चिकात लॅक्टोफेरिन असतं, आतड्याची सूज उतरते." मोबाइलवर पुरावाही होता.

लॅक्टोफेरिन हे प्रथिन खरं आहे. दुधात ते थोडंच असतं, चिकात कितीतरी जास्त. त्याचा एक रेणू लोहाचे दोन अणू धरून ठेवतो आणि लोहाविना बऱ्याच जंतूंची उपासमार होते. प्रयोगशाळेत उंदरांना डेक्स्ट्रान सल्फेट नावाचं रसायन पाण्यातून देऊन कोलायटिस घडवतात. तशा उंदरांना लॅक्टोफेरिन दिल्यावर सूज कमी झालेली दिसली आहे. हे वाचून मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण माणसांचं काय? ब्रिटनमध्ये अगदी अपुऱ्या दिवसांच्या 2,203 बाळांवर चाचणी झाली, 2019 साली निकाल आला. त्या बाळांना जंतुसंसर्ग आणि आतडं सुजून सडण्याचा धोका असतो. गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन दिलेल्यांपैकी 29 टक्के बाळांना संसर्ग झाला, न दिलेल्यांपैकी 31 टक्के. म्हणजे फरक पडलाच नाही, आतड्याच्या त्या आजारातही नाही. माझा आजार वेगळा, वयही वेगळं, हे मान्य. तरी उंदरावरून थेट माझ्यावर उडी मारायची हिंमत होत नाही.

गंमत म्हणजे आतडं सुजलं की आपल्याच पांढऱ्या पेशी तिथे लॅक्टोफेरिन सोडतात. शौचाच्या तपासणीत ते जास्त निघालं तर डॉक्टर सूज असल्याचं धरतात. मी दर काही महिन्यांनी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे सूज दाखवणारं प्रथिन तपासते, त्याचंच हे भावंड.

आता चिकाचं. गूळ, वेलची, जायफळ घालून कुकरमध्ये शिट्टी न लावता वाफवला. खरवस घट्ट होतो तो प्रथिनांची घडी उष्णतेने मोडते म्हणूनच. सुरेख थरथरणारी वडी पडली, याचा अर्थ औषध जे काही होतं ते वाफेतच गेलं! दिरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग कच्चाच प्या."

कच्चा? मी अझाथायोप्रिन या औषधावर आहे, त्याने प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होतो, क्षयही होऊ शकतो. काकूंची गाय कितीही गुणी असली तरी नाही.

वड्या मात्र दोन खाल्ल्या. तिसरीला पोटाने नको म्हटलं. उरलेल्या दिरांच्या डब्यात भरून दिल्या.