वेदना थांबली आणि निर्णय बदलला

गायन शिकवणाऱ्या त्या बाई माझ्या तपासणीच्या खोलीत पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचा तळवा डोक्यावर ठेवलेला होता. मानेच्या खालच्या भागातील नस दबली, की अनेक रुग्णांना असा हात वर ठेवल्याने आराम पडतो, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण कमी होतो. त्यामुळे त्या बोलू लागण्याआधीच निदानाची दिशा दिसू लागली होती. पाठीच्या पात्यापासून दंडाच्या मागच्या बाजूने मधल्या बोटापर्यंत कळ जात होती आणि मान मागे नेऊन डावीकडे कलवली की ती असह्य होत होती. एमआरआयमध्ये सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधील गादीचा मऊ तुकडा डावीकडे सरकून सातव्या नसेला टेकलेला स्पष्ट दिसत होता. वय शेहेचाळीस. झोप उडालेली. “डॉक्टर, ऑपरेशन करायचंच असेल तर आजच करून टाका,” असे त्या म्हणाल्या.

मी त्यांना थांबायला सांगितले. एवढ्या वेदनेत असलेल्या माणसाला थांबा म्हणणे कठोर वाटते, पण त्यामागे ठोस कारणे होती. सरकलेल्या गादीची वेदना केवळ दाबामुळे होत नाही. गादीच्या आतला मऊ गर बाहेर आला, की नसेभोवती दाह निर्माण होतो आणि कळ बरीचशी त्या दाहाची असते. पुढे शरीरातील पेशी हा बाहेर पडलेला तुकडा हळूहळू शोषून घेऊ लागतात, आणि मुख्य गादीपासून सुटलेले मोठे तुकडे अनेकदा अधिक चांगले विरघळतात. केवळ नस दबलेल्या बहुतेक रुग्णांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. बाईंच्या दंडाच्या मागच्या स्नायूची, म्हणजे ट्रायसेप्सची ताकद पाचपैकी चार होती, चाल नीट होती आणि मज्जारज्जूवर दाब असल्याचे एकही चिन्ह नव्हते. दाह कमी करणारी औषधे, थोडी विश्रांती आणि नंतर सौम्य व्यायाम एवढेच मी सुचवले. बोटांची चपळाई कमी होणे, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा हाताची ताकद आणखी घटणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी यावे, हे मात्र दोनदा सांगितले.

केवळ एमआरआय पाहून निर्णय घ्यायचा असता तर काम सोपे होते. पण जपानमध्ये कसलाही त्रास नसलेल्या 1211 व्यक्तींच्या मानेचा एमआरआय काढला गेला, तेव्हा त्यांतल्या 87.6 टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली. 2015 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी माझ्या निवासी डॉक्टरांना आवर्जून वाचायला देतो. चित्रातला दोष आणि रुग्णाच्या शरीरातली लक्षणे एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच त्या चित्राला अर्थ असतो.

सहा आठवड्यांनी बाई ठरल्याप्रमाणे आल्या. चेहऱ्यावर हसू होते, हात खाली होता, कळ जवळजवळ गेली होती आणि आता फेरतपासणीची गरज उरली नाही असे त्यांना वाटत होते. सोबत आलेली मुलगीही आनंदात होती. मी सवयीप्रमाणे ट्रायसेप्स तपासला. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात जेमतेम सरळ होत होता. मी हलका विरोध केला तरी तो वाकत होता. ताकद तीनवर आली होती.

या क्षणाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इथेच अनेक रुग्ण आणि कधी कधी त्यांचे डॉक्टरही निश्चिंत होतात. कळ कमी होताना ताकद वाढत असेल, तर नस सावरत आहे. कळ कमी होताना ताकदही घटत असेल, तर नस बधिर होऊन गप्प झाली आहे, आणि तशा शांततेवर विश्वास ठेवता येत नाही. मी त्यांच्या मधल्या बोटाचे नख टिचकीसारखे सोडले, तर अंगठा आपोआप आत वाकला. हे मज्जारज्जूवर दाब आल्याचे चिन्ह असते, आणि पहिल्या भेटीत असे झाले नव्हते. मुठीची उघडझाप दहा सेकंदांत वीस वेळा तरी व्हायला हवी; ती चौदा वेळा झाली. पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया जोरकस झाल्या होत्या. एका रेषेत टाचेला बोटे जोडून चालायला सांगितले तेव्हा त्या दोनदा भिंतीकडे झुकल्या. जिना उतरताना कठडा धरावा लागतो का, असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हो, पण ते अशक्तपणामुळे असेल असं वाटलं.”

नव्या एमआरआयमध्ये तोच तुकडा मध्याकडे सरकून मज्जारज्जूवर दाबत होता. असह्य वेदनेत असताना मी ज्यांना थांबायला सांगितले होते, त्यांनाच वेदना नसताना लवकर शस्त्रक्रिया करावी लागेल असे मला सांगायचे होते. मज्जारज्जू नसेइतका सहनशील नसतो. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू असतो बिघाड पुढे जाऊ न देणे, आणि जे गेले ते परत मिळण्याची शक्यता उशीर झाला की घटत जाते.

“आवाजाचं काय?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो अगदी योग्य होता. मानेच्या पुढच्या बाजूने मणक्यापर्यंत पोहोचताना श्वासनलिका आणि अन्ननलिका हळुवारपणे बाजूला धराव्या लागतात, आणि स्वरयंत्राची नस त्यांच्याच खोबणीतून वर जाते. काही रुग्णांचा आवाज काही दिवस किंवा आठवडे घोगरा होतो. कायमचा बिघाड क्वचित होतो, पण ज्यांचे जगणे आवाजावर आहे त्यांना ‘क्वचित’ या शब्दाने धीर येत नाही. पहिल्या एमआरआयमधली स्थिती कायम राहून नुसता हातच दुबळा झाला असता, तर मी मानेच्या मागून लहानशी वाट करून नसेच्या छिद्रातला तुकडा काढण्याचा विचार केला असता. त्यात आवाजाच्या नसेजवळ जावेच लागत नाही आणि मणके जोडावेही लागत नाहीत. पण तुकडा मध्यभागी असताना मागून जायचे म्हणजे मज्जारज्जू बाजूला सारावा लागतो, आणि मानेत तसे कधीही करू नये. मणक्यांची मागची हाडाची कमान उघडून रज्जूला जागा करून देणे अनेक पातळ्यांवरच्या दाबासाठी उत्तम. इथे दाब एकाच ठिकाणी आणि समोरून होता. म्हणून 1958 साली क्लोवर्ड, तसेच स्मिथ आणि रॉबिन्सन या शल्यचिकित्सकांनी मांडलेल्या, मानेच्या पुढून जाण्याच्या मार्गाला माझ्या मते पर्याय नव्हता. हे सगळे मी कागदावर आकृती काढून त्यांना समजावले, आणि शस्त्रक्रियेपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घेतले.

गादी काढल्यावर त्या जागी काय बसवायचे, हा प्रश्न उरला. त्यांना हलणारी कृत्रिम गादी हवी होती, आणि तरुण वय, मऊ गादी व निरोगी सांधे असतील तर मीही ती आनंदाने सुचवतो. पण सीटी स्कॅनमध्ये त्याच पातळीवरचे मागचे लहान सांधे झिजलेले दिसले, आणि मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दोन मणके एकमेकांवर जवळजवळ हलतच नव्हते. झिजलेल्या सांध्याला पुन्हा हलायला लावण्यात हित नव्हते. मणके जोडायचे ठरले. मान वळवण्याची निम्मी क्रिया सर्वांत वरच्या दोन मणक्यांमध्ये होते, त्यामुळे खालची एक जोडी स्थिर झाली तरी रोजच्या हालचालीत फरक फारसा कळत नाही, हे ऐकून त्या बऱ्याच आश्वस्त झाल्या.

शस्त्रक्रियेत बाजू धरून ठेवणारे साधन लावल्यावर भूलतज्ज्ञांनी श्वासनळीतल्या फुग्याची हवा काढून पुन्हा अगदी बेताची भरली, म्हणजे स्वरयंत्राच्या नसेवर दोन्हीकडून दाब पडू नये. सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या अस्थिबंधाला पडलेली फट दिसली. तुकडा तिच्या पलीकडे होता. तो निघाला आणि रज्जू पुढे येऊन स्पंदन पावू लागला. रिकाम्या जागेत दोन मणक्यांना आधार देणारा, हाड भरलेला लहानसा पिंजरा बसवला.

आवाज दोन आठवडे थोडा जड होता, मग मोकळा झाला. ट्रायसेप्सला पूर्ण ताकद यायला अनेक महिने लागले आणि चाल त्याआधीच सुधारली. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गाद्यांचे काय, असे त्यांनी शेवटच्या भेटीत विचारले, तेव्हा 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दरवर्षी सुमारे 2.9 टक्के रुग्णांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास झाल्याचे मी सांगितले. त्यातला किती भाग जोडणीमुळे आणि किती वयामुळे, यावर मतभेद आहेत, हेही सांगितले. डाव्या हाताचा अंगठा नखाच्या टिचकीला अजून किंचित वाकतो. म्हणून त्यांनी वर्षातून एकदा यायचे ठरले आहे, त्रास असो वा नसो.