लिहायचं जा, वाचायचं या

"हे कंट्रोलचं आहे का गं?"

मावशीनं पाकीट उलटंपालटं करून विचारलं आणि माझं तोंड एवढंसं झालं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, इंदूरला लोकमान्य नगरात आईच्या घरी मी बॅग उघडून बसले होते. चॉकलेटं निघाली, साबण निघाले, तोवर सगळं छान चाललं होतं. मग आईनं खास मागवलेली बदामाची पूड निघाली. पांढरंफेक पाकीट, त्यावर दोन जाड रोमन अक्षरं आणि एक उद्गारचिन्ह. मावशीच्या पिढीला असं पाकीट पाहिलं की रेशनच्या दुकानातली रॉकेलची रांग आठवते, त्यात तिची काही चूक नाही.

"अगं, नाव आहे त्याला."

"काय नाव?"

"लिहायचं जा, वाचायचं या."

"जा की या, एक काय ते ठरव," म्हणून ती चहा टाकायला आत गेली. पण दारातून आईला म्हणालीच, "जर्मनीत राहून हे असं खातात होय!"

ते 'हे असं' मला लागलं. परत येऊन तीन आठवडे झाले तरी मनातून गेलेलं नाही, म्हणून लिहून टाकते.

तर, पाकिटावर 'ja!' लिहिलेलं असतं, उच्चार 'या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो'. रेवे नावाच्या सुपरमार्केट साखळीचा हा घरचा, स्वस्तातला माल, १९८२ पासूनचा. एडेकाचा असाच आहे, त्याचं नाव 'गुट उंड ग्युन्स्टिग', म्हणजे चांगलं आणि स्वस्त. आल्डी आणि लिडल ही तर मुळातच स्वस्ताईची दुकानं, तिथे बहुतेक फळ्यांवर त्यांचीच नावं. दुधा-दह्यावर आल्डीचं 'मिलसानी', लिडलचं 'मिलबोना'. मोठ्या सुपरमार्केटात मात्र हा माल डोळ्यांसमोर ठेवत नाहीत. डोळ्यांसमोर जाहिरातवाले, आणि हा अगदी खालच्या फळीवर. जर्मन लोक त्याला चक्क 'वाकून घ्यायचा माल' म्हणतात. न्यूर्नबर्गला मला नऊ वर्षं झाली, कंबर चांगली आहे, मी वाकते.

पहिली दोन वर्षं मात्र मीही लपवत होते. मंडळाचे लोक जेवायला यायचे असले की पांढरी पाकिटं बरण्यांत रिकामी करायची, रिकामी पाकिटं कागदाच्या डब्यात तळाशी. नवरा पुण्याचा, त्याला या प्रकाराची मजा वाटायची. दोघांना नोकरी आहे, पगार बरा आहे, हे इथे लिहायची गरज नाही हे कळतं मला, तरी लिहिते.

माझी लाज घालवली ती खालच्या मजल्यावरच्या आजींनी. एकदा कॉफीला वर आल्या. टेबलावर दह्याचे दोन डबे होते, एक टीव्हीवर दिसणारं महागाचं आणि एक दुकानाचं. महागाचं त्यांच्यासाठी, दुकानाचं आमच्यासाठी. आजींनी चष्मा पुसला आणि दोन्ही डब्यांवर एक बारीकसा लंबगोल शिक्का दाखवला. वर डीई, मध्ये बीवाय आणि एक आकडा, खाली ईजी. डीई म्हणजे जर्मनी, बीवाय म्हणजे बायर्न हे आमचं राज्य, आणि आकडा त्या डेअरीचा. युरोपात दूध, दही, चीज, मांस, सगळ्यावर हा शिक्का लागतोच. दोन्ही डब्यांवर आकडा एकच होता. आजी काही बोलल्या नाहीत, स्वस्तातला डबा उघडून खायला लागल्या.

आता एक डेअरी म्हणजे एकच पाककृती असं नाही, हेही त्यांनीच नंतर सांगितलं. एकाच हलवायाकडे दोन भावाचे पेढे असतात, तसंच. शिक्का फक्त माल शेवटी कुठून निघाला ते सांगतो. पण त्या दिवसापासून मी दुकानात डबे उलटे करून बघते आणि नवरा दोन फळ्या पलीकडे जाऊन माझी ओळख नसल्यासारखा उभा राहतो.

लोण्याचं तर त्याहून सोपं आहे. इथल्या लोण्यावर 'डॉइचे मार्केनबुटर' असं लिहिलेलं असतं. वाचताना वाटतं की ब्रँडेड लोणी, पण ती कंपनी नव्हे, प्रत आहे. कायद्यानं ठरवलेली वरची प्रत, वास-चव-पोत तपासून मिळणारी, आणि ती दुकानाच्या साध्या पाकिटावरही असते. म्हणजे नावाचे पैसे देऊन वेगळी प्रत मिळत नाही. २०२४ च्या शरदात हेच साधं २५० ग्रॅमचं पाकीट २ युरो ३९ सेंटला गेलं, सगळ्या दुकानांत तोच भाव, आणि लोण्याचा भाव बातम्यांत आला. आपल्याकडे कांद्याचा येतो तसा.

तुपासाठी मात्र एक गोष्ट मी इतक्या जणींना सांगितली आहे की आता छापूनच टाकते. लोण्याच्या पाकिटावर 'झाउअररामबुटर' बघून घ्या. ते विरजलेल्या सायीचं लोणी. गोड सायीच्या लोण्याचं तूपही होतं, पण त्याला घरचा वास येत नाही. विरजलेल्याचं कढवलं की जिन्यात वास जातो. २५० ग्रॅममागे साधारण २०० ग्रॅम तूप, आणि बेरी वेगळी. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "रवाळ आलंय." आमच्या घरात याहून मोठी पदवी नाही.

चक्क्यासाठी 'क्वार्क'. चाळीस टक्केवाला घ्या, आकड्याला घाबरू नका, ते सुक्या भागातलं प्रमाण आहे. डब्यात प्रत्यक्ष स्निग्धांश अकराच्या आसपास. तरी फडक्यात दोन तास टांगा, पाणी निघतंच. गुढीपाडव्याला पुण्याच्या माणसानं वाटी चाटून पुसून खाल्ली आणि "ठीक आहे" म्हणाला. पुणेरी 'ठीक आहे' किती मोठं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता रवा.

रव्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण रव्यानं माझी अब्रू घालवली. नव्या घरात पहिला सत्यनारायण. पंचवीस माणसं, सासूबाई फोनवरून सूचना देताहेत, सगळं सव्वाच्या मापानं. एका दुकानातून मी 'ग्रीस' असं लिहिलेली पाकिटं आणली होती, कारण ग्रीस म्हणजे रवा एवढं मला ठाऊक होतं. चांगला खमंग भाजला, केळी घातली, दूध ओतलं, झाकण ठेवलं. झाकण काढलं तर कढईत खळ. पोस्टर चिकटवतात ती. डाव उभा केला तर उभा राहिला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, म्हणून पंचवीस माणसांनी ती खळ भक्तिभावानं गिळली. आणि नवऱ्यानं, सगळ्यांसमोर, निरागस चेहऱ्यानं विचारलं, "इंदूरला शिरा असाच करतात का?"

इंदूरला! जिथे माणूस शिरा खाऊन तुपाचं वय सांगतो!

दुसऱ्या दिवशी पाकीट शब्दकोश घेऊन वाचलं. 'वाइखवाइत्सेनग्रीस'. वाइख म्हणजे मऊ. मऊ गव्हाचा रवा, जो जर्मन लोक दुधात शिजवून बाळांना भरवतात, आणि त्याची पेजच व्हायला हवी असते. त्याच फळीवर, त्याच मापाचं, जवळजवळ तसंच दिसणारं दुसरं पाकीट असतं 'हार्टवाइत्सेनग्रीस'. हार्ट म्हणजे कडक. रंगानं पिवळसर, पास्त्याचा गहू तो. आणि गंमत अशी की आमच्या माळव्यातला काठिया गहू, ज्याच्या भरड पिठाचे बाटीसारखे बाफले होतात, तो याच जातीचा. म्हणजे माझ्या आजोळचा गहू फळीवर बसला होता आणि मी शेजारच्याला घरी घेऊन आले. तेव्हापासून उपमा, शिरा, रव्याचे लाडू सगळं हार्टचं, खालच्या फळीवरच्या सगळ्यात स्वस्त पाकिटाचं. दाणा मोकळा राहतो. पाणी थोडं जास्त लागतं, एवढंच.

पिठाचं थोडक्यात: पाकिटावरचा ४०५ म्हणजे आपला मैदा, १०५० म्हणजे त्याहून काळसर. पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा हिशेब आहे तो, आकडा जेवढा मोठा तेवढा कोंडा जास्त. मी अर्धं १०५० आणि अर्धं सबंध गव्हाचं मिसळते. पोळी होते. लोकवनची होत नाही, पण होते.

मसूर डाळ, डब्यातले छोले आणि राजमा, गाळलेला टोमॅटो, गोठवलेला पालक आणि मटार, साखर, सूर्यफुलाचं तेल, बदामाची पूड, हे सगळं डोळे मिटून दुकानाच्या नावाचं घ्या. तूर, मूग भारतीय दुकानातूनच. दुकानाचा बासमती मी तीन ठिकाणचा आणून पाहिला, तिन्ही वेळा दहीभात झाला. 'करी' नावाच्या पिवळ्या भुकटीबद्दल बोलायला नको. शेंगदाणे भाजलेले-खारवलेले मिळतात, ते एकदा घाईत साबुदाण्याच्या खिचडीत पडले आणि एकादशी मोडली. ओटच्या चपट्या दाण्यांचे पोहे करून पाहा असं एका मुंबईच्या मैत्रिणीनं सुचवलं होतं. तिला इंदूरचे वाफेवरचे पोहे माहीत नाहीत, म्हणून मैत्री टिकली. पोहे, शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला बॅगेतूनच येतात, पाच किलो, दरवर्षी.

दिवाळीत बाबांशी या विषयावर चांगलीच जुंपली. हेच बाबा दर एप्रिलला वर्षाचा गहू भरायचे, दाणा दाताखाली फोडून. डाळ-गूळ इंदूरच्या सियागंज बाजारातून, सुटा. पाकीटबंद माल घरात आला की म्हणायचे, "आत काय आहे ते लपवायचं असेल, म्हणून बांधलंय." त्या दुकानाला नाव होतं का, तर असेल, आम्हाला माहीत नव्हतं. शेठजी 'घेऊन जा साहेब' म्हणाले की झालं. आणि आता तेच बाबा मोबाईलवरून पाकीटबंद डाळ मागवतात आणि मला म्हणतात, "पाकिटावर नाव तरी हवं ना."

मी शिक्क्याची गोष्ट सांगितली. बर्लिनच्या 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' या संस्थेचं सांगितलं, १९६४ साली स्थापन झालेली, बाजारातून माल विकत आणून तपासते, स्वतःच्या मासिकात जाहिराती घेत नाही, आणि स्वस्त माल महागाच्या बरोबरीनं किंवा वर आला तर तसं सरळ छापते. आल्डीच्या दोन भावांचं सांगितलं, एसेन गावात आईचं दुकान, १९१३ सालचं, आणि मग सिगरेट विकायची की नाही यावरून उत्तर-दक्षिण अशी वाटणी. ही वाटणी बाबांना फार आवडली. "सियागंजात तर याहून छोट्या कारणावर झाल्यात," म्हणाले. डाळीचं मात्र कबूल केलं नाही.

खरं सांगायचं तर मलाही तिथे सियागंजाची आठवण येते. आल्डीत तुमची डाळ स्कॅनरवरून सुसाट निघते, पिशवीत भरेपर्यंत मागच्याचं सामान अंगावर येतं, तोंडातून एक शब्द निघत नाही. मूठभर गूळ चाखायला देणारं कोणी नाही. पण फळीवर प्रत्येक वस्तूखाली किलोचा भाव लिहिलेला असतो, तो लिहावाच लागतो, आणि तेवढ्यासाठी मी शांतता सहन करते.

आणि एक राहिलं. त्याच आजींनी एकदा मला शिकवलं की क्वार्कचा डबा टाकताना वरची पत्र्याची पन्नी पूर्ण सोडवून वेगळी टाकायची. मी ऐकून घेतलं आणि मग नम्रपणे सांगितलं की आमचं गाव २०१७ ते २०२३ सलग सात वेळा देशात सगळ्यात स्वच्छ ठरलं, ओला-सुका आम्हाला नवा नाही. आजी म्हणाल्या, "मग पन्नी का चिकटलेली आहे?"

मावशीनं पाडव्याला त्याच पुडीच्या बदामवड्या केल्या. माझ्यासमोर काही बोलली नाही, पण डबा आमच्याकडे परत आला तो रिकामा, आणि काल आईनं पुढच्या खेपेची यादी फोटो काढून पाठवली. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: 'जा बदाम – ४. मावशीचे वेगळे – ४.'