डावीकडची चार बोटं

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला. ‘मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून पाठवा’ अशी पुस्तीही जोडली. पाठवतेच आहे, पण आधी कागदावर लिहून काढला. बाईंच्या हाताखालून गेलेल्यांना ही खोड असतेच. कोणत्या बाई, हे 1994 च्या आगेमागे दहावी झालेल्यांना सांगायला नको. इतिहासाच्या.

गॅदरिंग, सहली, गडकरी रंगायतनमध्ये पाहिलेली बालनाट्यं यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंच्या तासाच्या वहीबद्दलच लिहायचंय.

वर्गात आल्या की बाईंचं पहिलं वाक्य, “पेनं खाली.” त्या बोलत असेपर्यंत कुणी एक अक्षर लिहायचं नाही. धडा सांगून झाला की खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या, “हं, आता लिहा. आपल्या शब्दांत.” शेजारच्या तुकडीला प्रश्नोत्तरं फळ्यावर तयार मिळायची, त्यावरून आमच्या आया कुरकुरायच्या. “बाई, लिहून द्या ना,” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “मी दिलेलं माझं. पेपरात काय माझं लिहिणारेस?”

पानाच्या डावीकडे चार बोटं जागा सोडायची. तिथे घरी गेल्यावर पेन्सिलीने एखादा प्रश्न, एखादा शब्द, बस. चुकलं तर खोडायचं नाही. एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. “काय चुकलं होतं ते नंतर कळायला नको?”

आठवीतला जुलै. मी कोपरीहून यायचे, स्टेशनचा पूल ओलांडून. त्या दिवशी पुलापासून शाळेपर्यंत गुडघाभर पाणी होतं आणि दप्तराचा बंद तुटला. वर्गात पोचून इतिहासाची वही उघडली तर पानापानांवर निळे ढग. बाईंना बॉलपेन चालत नसे, त्यामुळे सगळं शाईपेनातलं, सगळं फुटलेलं. मी रडायलाच लागले. बाईंनी वही स्टाफरूममध्ये नेली, पंख्याखाली उभी उघडून ठेवली, पानांमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. मधल्या सुट्टीत मला बोलावलं. “रडायला काय झालं? हे आहे की,” म्हणत समासावर बोट ठेवलं. पेन्सिलीचं शाबूत होतं. ग्रॅफाइट पाण्याला दाद देत नाही.

‘डलहौसी’. ‘दत्तक?’. ‘सातारा 1848’. ‘अयोध्या – कारण वेगळं!’

“सांग आता.” मी सांगत गेले. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी, त्याने दत्तक वारस नामंजूर करून सातारा, झाशी, नागपूर खालसा केली. अयोध्येच्या नबाबाकडे वारसाचा प्रश्नच नव्हता, तिथे 1856 मध्ये गैरकारभाराचं निमित्त काढलं. त्या उद्गारचिन्हापाशी तर बाईंनी वर्गात आवाज कसा चढवला होता तेही आठवलं. बाईंनी डब्यातलं अर्धं थालीपीठ मला दिलं आणि म्हणाल्या, “घरी जाऊन नव्या वहीत लिही. ही टाकू नकोस.” टाकलेली नाही. पानं फुगलेली आहेत, पण वाचता येते.

पुढे रसायनशास्त्र घेतलं आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कारखान्यात लागले. आज तिथे क्वालिटीची विभागप्रमुख आहे. आमच्याकडे हाताने भरलेल्या बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या एकेका खेपेच्या नोंदवहीत, आकडा चुकला तर व्हाइटनर चालत नाही, गिरवणं चालत नाही. एक रेघ मारायची, जुना आकडा दिसला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पहिल्या दिवशीच्या ट्रेनिंगला मला हसू आवरेना. पेन्सिलीला मात्र कारखान्यात सक्त मनाई, एवढाच बाईंशी माझा मतभेद. आता बरंचसं कॉम्प्युटरवर गेलंय. तिथेही कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते आणि जुनी नोंद पुसली जात नाही. बाईंना ते पटलं असतं.

डावीकडच्या जागेचा उलगडा फार उशिरा झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक या प्राध्यापकांनी ही पद्धत 1950 च्या दशकात मांडली. उजवीकडे टिपणं, डावीकडे खुणेचे शब्द. मग उजवी बाजू झाकायची आणि नुसत्या शब्दांवरून सगळं सांगून बघायचं. बाईंनी हे कुठे वाचलं होतं की स्वतःच शोधलं, ते विचारायचं राहून गेलं. ‘आपल्या शब्दांत’लाही पुढे पुरावा मिळाला. 2014 मध्ये म्यूलर आणि ओपेनहायमर या दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांचे प्रयोग केले. लॅपटॉपवाले भराभर शब्दन् शब्द उतरवतात. हात तेवढा पळत नाही, म्हणून वहीवाल्याला काय घ्यायचं, काय सोडायचं हे ऐकतानाच ठरवावं लागतं. समजून उत्तर द्यायच्या प्रश्नांत वहीवाले सरस ठरले. इतरांनी पुढे तोच प्रयोग केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. मी क्वालिटीवाली, तेव्हा हेही सांगायला हवं.

मध्यंतरी भाच्याच्या प्रवेशासाठी शाळेत आले होते. वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड, छान आहे. पण तास संपला की ‘नोट्स’ पालकांच्या ग्रुपवर येऊन पडतात. भाचा म्हणतो, “मावशी, सगळं आहे गं फोनमध्ये.” फोनमध्ये आहे हे खरंच. डलहौसी कोण, असं विचारलं तर तो आधी फोनच शोधतो.

मुख्याध्यापकांना एक विनंती. स्मार्ट बोर्ड राहू द्या, पण आठवीच्या एखाद्या तासाची शेवटची दहा मिनिटं बोर्ड बंद करून मुलांना लिहू द्या. डावीकडे चार बोटं सोडून. कसं करायचं ते दाखवायला मी येईन. मला शनिवारी सुट्टी असते आणि ऐरोलीहून यायला फार वेळ लागत नाही. फक्त फळ्याला खडू लागेल, तो अजून मिळतो ना शाळेत?