पाहुण्यांची कपबशी

वहिनींनी चहा दिला तो काचेच्या कपाटातल्या कपबशीत. दादा, आई, पोरं सगळी स्टीलच्या पेल्यातून पीत होती. सोनेरी काठ फक्त मला. वर, "भावजी, साखर बरोबर आहे ना?"

झालं एवढंच. तरी रात्री दीड वाजता जागा आहे.

बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायातला, घर सोडून गेलेला आणि परत आलेला तो उधळ्या पोरगा आठवला. बाप त्याच्यासाठी पुष्ट वासरू कापतो. थोरला तणतणतो, मला कधी एक करडू दिलं नाहीस. आजवर या थोरल्याची कीव यायची, आज हेवा वाटतोय. वासरू पाहुण्यासाठी कापतात. घरच्याला कोण विचारतं?

काफ्का या लेखकाच्या छोट्याशा गोष्टीतला परतलेला मुलगा तर आतही जात नाही. बापाच्या अंगणात उभा राहतो. धुराडं धुमसतंय, आत रात्रीच्या जेवणाची कॉफी होतेय, आणि हा स्वयंपाकघराच्या दाराशी लांबूनच कान देऊन. दार वाजवायचा धीर होत नाही. जेवढा वेळ थांबावं तेवढं परकं होत जावं, असं काहीसं तो म्हणतो.

मी मात्र बेल वाजवली. किल्ली खिशात होती. ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मग बशीवरून रुसायला मला तोंड आहे का?

रिल्के या कवीनं १९१० साली 'माल्टं' या कादंबरीचा शेवट याच उधळ्या पोराच्या गोष्टीनं केला. त्याचा मुलगा पळतो तो प्रेमालाच कंटाळून. परतल्यावर घरच्यांच्या पायाशी पडून विनवतो, माझ्यावर प्रेम करू नका. ते भलताच अर्थ काढून त्याला क्षमा करून टाकतात! आईनं परवा माझी पिशवी उचलून आत नेली तेव्हा... असो.

आणि फ्रेंच लेखक जीद. त्यानं १९०७ साली या घरात तिसरा, धाकटा भाऊ घातला. परतलेला त्याला पळून जायला मदत करतो, जिन्यात दिवा धरतो. दादाचा धाकटा काल मला विचारत होता, पुण्यात खोलीचं भाडं किती. मी विषय बदलला. दिवा धरण्याएवढी हिंमत नाही, आणि दादाला तोंड कोण देणार.

सकाळ.

कपबशी धुऊन जागेवर ठेवायला गेलो. "राहू द्या हो!" म्हणत वहिनींनी हातातून काढून घेतली.

तेवढ्यात न्हाणीघरातून दादा ओरडला, "गिझर चालू ठेवलास रे गाढवा? बिल तुझा बाप भरणार?"

बाप आमचा एकच. मी पेल्यात चहा ओतून घेतला.