मुंबई–पुणे–गोवा गिग फेरी: साउंड सिस्टिमचा फोटो मागवल्याशिवाय तारीख देऊ नका

आमच्या बँडचे मुंबई आणि पुण्यातले कार्यक्रम नीट पार पडले, तिथलं लिहीत बसत नाही. गोवा मात्र लिहायलाच हवं.

तिथल्या जागेच्या मॅनेजरने फोनवर ‘साउंड आहे’ असं ठामपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात डीजेसाठी बसवलेले दोन टॉप (मुख्य स्पीकर) आणि मिक्सरला माइकचे इनपुट चार! ड्रमचे किक, स्नेअर आणि वर लावायचे दोन ओव्हरहेड माइक, बेसचा डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायचा डबा), गिटार ॲम्प, दोन व्होकल. चार जणांच्या साध्या बँडला आठ लागतात. स्टिरिओ कीबोर्ड असेल तर दहा. म्हणून इनपुट लिस्ट (कोणत्या वाद्याला किती इनपुट) आधी पाठवा आणि मिक्सरचा मॉडेल नंबर दिसेल असा फोटो मागवा. फोटोला टाळाटाळ झाली तर साउंड नाही असंच धरा. मॉनिटर (बँडला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर) किमान दोन आणि वेगवेगळ्या ऑक्सवर, म्हणजे मिक्सरच्या स्वतंत्र आउटपुटवर हवेत. एकाच ऑक्सवर असले की ड्रमरसाठी व्होकल वाढवताच गायकाच्या मॉनिटरमधून शिट्टी सुरू होते.

‘ड्रम किट आहे’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी फक्त शेल (ड्रमचे नुसते पिंप) आणि स्टँड. सिंबल, स्नेअर, किक पेडल, हाय-हॅटचा क्लच आणि खाली घालायला जाड सतरंजी स्वतःची न्या. टाइल्सवर दुसऱ्याच गाण्यात किक पुढे सरकते.

अर्थिंगवर अजिबात तडजोड नको. गिटार वाजवत गाणाऱ्याचा ओठ माइकला लागला की झटका बसतो, कारण हात तारांवर असतो आणि ॲम्प किंवा मिक्सर यांपैकी एकाला अर्थिंगच नसतं. मल्टिमीटर सोबत ठेवा. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मग गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यात मोजा, तिथे जवळजवळ शून्य हवं. नसेल तर दुरुस्त होईपर्यंत गिटार जोडू नका, मग शो उशिरा सुरू झाला तरी चालेल. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या.

पैशांचा खरा फटका डोअर डीलमध्ये, म्हणजे ठरावीक मानधनाऐवजी दारातल्या विक्रीतला वाटा घेण्यात बसतो. ७०-३० ऐकायला छान वाटतं, पण कव्हर चार्ज (जागेचं प्रवेशशुल्क) रिडीमेबल असेल तर ते पैसे खाण्यापिण्यात वळते होतात आणि ‘डोअरला काही जमलंच नाही’ असं ऐकावं लागतं. तुमचं तिकीट कव्हर चार्जपासून वेगळं ठेवा. वाटा एकूण विक्रीवर की खर्च वजा जाता, गेस्ट लिस्टला (फुकट प्रवेशाच्या यादीत) किती नावं, दारात मोजणार कोण, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून ४९९ ठेवा. निम्मी रक्कम तारीख ठरताना, उरलेली साउंडचेकनंतर, पहिल्या गाण्याआधी. शो संपल्यावर हिशेब करणारा मॅनेजर सापडत नाही.

उघड्यावरच्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. त्यामुळे ‘नऊला सुरू करू’ म्हणणाऱ्याला नकार द्या. तुमच्या आधी वाजवणारा ओपनिंग बँड लांबला की तुमचाच सेट कापला जातो. साडेसातला स्टेजवर चढा. कव्हर गाणी, म्हणजे इतरांची गाणी असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना कोण काढणार, तेही आधीच विचारा.

गोव्यात थिवी स्टेशनवर उतरून हणजूण, आसगावकडे जाणार असाल तर गाडी आदल्या दिवशीच ठरवा. ॲम्प आणि केस बघितले की टॅक्सीचा आकडा वाढतो, आणि तिथे उभं राहून घासाघीस करायला अंगात त्राण उरलेलं नसतं.

प्रसिद्धी जागेच्या मालकांवर सोडू नका. त्यांच्या पोस्टरवर नुसतं ‘लाइव्ह म्युझिक’ असतं, बँडचं नावच नाही! पोस्टर स्वतः बनवून द्या, किमान दहा दिवस आधी तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्या पेजवर एकत्र दिसणारी कोलॅब पोस्ट लावायला लावा आणि स्थानिक ओपनिंग बँड घ्या. बाहेरगावी पहिल्या तीन रांगा स्थानिक बँडच्याच मित्रमंडळींच्या असतात.